चहा टाकू?

कोल्हापूर,
रविवार, सकाळ

प्रिय बाळू,


परवा तुझा फोन आला तेव्हा हातात विळी होती, म्हणून धड बोलता आलं नाही. तू म्हणालास, "ताई, तू सांगितलेला पिक्चर पाहिला, पण फारच संथ आहे गं. पाऊण तास काही घडतच नाही. आणि शेवटी तो माणूस एवढं करून घरी येतो आणि नुसता पडून राहतो. पुढे काय?" मी म्हटलं, लिहिते तुला. तुला वाटलं असेल ताईने विषय टाळला. तसं नव्हतं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, एवढंच.

आधी पिक्चरचं बोलते.

'इन द बेडरूम' हा २००१चा चित्रपट. दिग्दर्शक टॉड फील्ड. मोठ्या लांबीचा हा त्याचा पहिलाच चित्रपट, त्याआधी तो नट होता. कुब्रिकच्या 'आइज वाइड शट'मधला तो पियानो वाजवणारा मित्र आठवतो ना, तो हाच. मूळ गोष्ट आंद्रे डब्यूस या अमेरिकन कथालेखकाची, नाव 'किलिंग्ज'. ती सुरू होते बाप मुलाला पुरतो त्या सकाळी. म्हणजे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं की पोरगा गेला. फील्डने काय केलं, तर पटकथेत ते सगळं सरळ काळात मांडलं, आणि मुलाला आपल्यासमोर पाऊण तास जगू दिलं. तुझी तक्रार नेमकी त्या पाऊण तासाची आहे.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य, तिथलं समुद्रकाठचं कॅम्डेन गाव. मॅट फाउलर गावचा डॉक्टर. त्याची बायको रूथ शाळेत समूहगान शिकवते. पोरींकडून पूर्व युरोपातली लोकगीतं बसवून घेते. एकुलता एक मुलगा फ्रँक आर्किटेक्चर शिकायला जायचा आहे, पण सुट्टीत होडी घेऊन शेवंडी धरतो आहे आणि त्यातच रमला आहे. नताली नावाच्या मुलीवर त्याचं प्रेम आहे. ती त्याच्याहून मोठी, दोन मुलांची आई, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, घटस्फोट अजून व्हायचा आहे. तो नवरा, रिचर्ड, अधूनमधून दारात येऊन उभा राहतो. आईला काळजी आहे आणि बापाला मनातून मुलाचं थोडं कौतुकच आहे. अंगणात जेवणं होतात, पोरं खेळतात, होडी बंदरात येते-जाते. तू म्हणतोस तसं, काही घडत नाही. पण बाळू, पुढे या माणसांकडून जे काढून घेतलं जाणार आहे ते हेच आहे. ते आपल्याला आधी नीट पाहायला नको का? गोळी पाचव्या मिनिटाला सुटली असती तर फ्रँक आपल्या लेखी एक प्रेत झाला असता. पाऊण तासानंतर तो आपल्या ओळखीचा मुलगा असतो.

आणि त्यातच तो शेवंडींचा प्रसंग येतो. तू तिथे फोन बघत होतास की काय कोण जाणे. आपल्या मालवणातली शेवंड तुला माहीत आहे, नुसत्या लांब मिशा आणि काटेरी पाठ. मेनच्या शेवंडीला पुढे दोन जाडजूड नांग्या असतात. एक चुरडायची, एक कापायची. मॅटचा बाप शेवंडी धरणारा होता, म्हणून डॉक्टर असूनही त्याला ते सगळं येतं. होडीवर तो नतालीच्या पोराला सापळा दाखवून सांगतो, की जाळीच्या या आतल्या कप्प्याला बेडरूम म्हणतात. त्यात दोन शेवंडी असतील तर ठीक, दोनाच्या वर गेल्या की काहीतरी होणारच. आणि हातातली, नांगी तुटलेली शेवंड पुढे करतो. मग सांगतो, सगळ्यात धोक्याची कोण, तर अंडी वागवणारी जुनी मादी. तिला मात्र सरकारी नियमाप्रमाणे पाण्यात परत सोडावं लागतं.

सगळा चित्रपट त्या एका कप्प्यात आहे. पहिल्यांदा पाहताना मला वाटलं, तिघं म्हणजे फ्रँक, नताली आणि रिचर्ड. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा कळलं की खरा कप्पा मॅट आणि रूथचा आहे, आणि त्यात तिसरा म्हणजे गेलेला मुलगा.

फ्रँकला गोळी लागते ती आपल्याला दिसत नाही. नताली पोरांना घेऊन वरच्या मजल्यावर आहे, खाली आवाज होतो, ती धावत येते, संपलं. तिने गोळी झाडताना पाहिलेलं नाही, आणि या एका गोष्टीवर पुढे खटला पातळ होतो. झटापटीत बंदूक उडाली असं म्हणायला आरोपीला वाव मिळतो. मुद्दाम केलेल्या खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर येतो. रिचर्ड जामिनावर सुटतो आणि त्याच गावात राहतो. त्याच रस्त्यांवर, त्याच दुकानांत.

आता मधला भाग, जिथे बहुतेक लोक कंटाळतात. छोटे छोटे प्रसंग येतात आणि पडदा काळा होतो. पुन्हा एक प्रसंग, पुन्हा काळा. मॅट गवत कापतो. रूथ टीव्हीसमोर बसून सिगारेट ओढते. मॅट दवाखान्यात परत जायला लागतो, रूथ उठतच नाही. दोघं एका घरात आहेत पण एका खोलीत फार वेळ नाहीत. कुणी मोठ्याने रडत नाही. पार्श्वसंगीत थॉमस न्यूमनचं, पण ते फार कमी वेळा येतं. त्याऐवजी घराचे आवाज येतात. त्या काळ्या पडद्यांनी मला घाबरवलं, बाळू. दिवस तसेच जातात. आठवण म्हणून तुकडे राहतात आणि मधे काही नाही. हे ज्याने लिहिलं आणि बसवलं, त्याने असं घर आतून पाहिलेलं असणार, असं मला पहिल्याच वेळी वाटून गेलं.

मी पाहिलेलं आहे. तू पाहिलेलं नाहीस. दादा गेला तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, आणि बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मामा तुला आजोळी घेऊन गेला. तू परत आलास तो पुढच्या जूनमध्ये शाळा सुरू होताना. मधलं ते वर्ष तुझ्यापुरतं आंब्याफणसाचं आणि मामाच्या गोठ्याचं आहे. तसंच असावं म्हणूनच तुला धाडलं होतं.

ते पुढे सांगते. आधी भांडण.

स्वयंपाकघरातलं ते भांडण मी आतापर्यंत चार-पाच वेळा पाहिलं असेल. इतके महिने दोघं जे गिळून बसलेत ते अचानक बाहेर पडतं. तो तिला म्हणतो, तू त्याला आयुष्यभर धाकात ठेवलंस, काही म्हणून माफ केलं नाहीस, म्हणून तो तिच्याकडे गेला. ती म्हणते, तू त्याला मोकळं सोडलंस, कारण तुझा स्वतःचा जीव त्या पोरीत अडकला होता, मुलाच्या आडून तू ते भोगत होतास. किती घाण आरोप! आणि दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. आधी एकदा रिचर्डने फ्रँकला मारलं होतं, बापाने घरी त्याची जखम पाहिली होती. पोलिसांत जायला हवं होतं, कुणी गेलं नाही. ते त्या भांडणाच्या तळाशी आहे. आणि ऐन भरात असताना दारावरची बेल वाजते. शाळेसाठी पैसे जमवायला चॉकलेटं विकत फिरणारी एक लहान मुलगी. मॅट दार उघडतो, तिच्याशी नीट बोलतो, पैसे देतो. मग परत येतो, आणि भांडण संपलेलं असतं. दोघंही दमलेली. तो माफी मागतो, तीही मागते. टॉम विल्किन्सन आणि सिसी स्पेसेक या दोघांनाही त्या वर्षी ऑस्करचं नामांकन होतं. चित्रपटाला एकूण पाच होती, मिळालं एकही नाही. मला त्याचं काही वाटत नाही. त्या मुलीला पैसे देताना विल्किन्सनच्या चेहऱ्यावर जे आहे, बाहेरच्या माणसासमोर घरची अब्रू सावरण्याची ती धडपड, तसं मी पडद्यावर दुसरीकडे पाहिलेलं नाही.

त्या भांडणानंतर समेट होतो, पण तो कशावर होतो ते बघ. रूथ सांगते की रिचर्ड तिला दिसतो, गावात सगळीकडे दिसतो. ती 'मार त्याला' असं म्हणत नाही. त्याची गरजच पडत नाही. नवराबायकोला एकमेकांचं तोंड पाहता येईल अशी एकच वाट उरलेली असते आणि मॅट त्या वाटेने चालू लागतो. सुडाचे पिक्चर आपण कमी पाहिलेत का? 'अंकुश'च्या वेळी मी कॉलेजात होते, थिएटरात लोक खुर्चीवर उभे राहत. तिथे सूड म्हणजे राग मोकळा होणं. इथे सूड म्हणजे एका मोडत आलेल्या संसाराची डागडुजी आहे. मला हे फार भयंकर वाटतं, आणि खरंही वाटतं.

म्हणूनच तो खूनसुद्धा संथ आहे. मॅट रात्री रिचर्डला बंदूक दाखवून त्याच्या खोलीवर नेतो, बॅग भरायला लावतो, जणू त्याला जामीन मोडून पळवून लावायचं आहे. त्या खोलीत भिंतीवर रिचर्डचा आणि नतालीचा फोटो असतो, आणि मॅटची नजर त्यावर पडते. मोटार अंधारातून जात राहते, जात राहते. मित्र विलिस वाट पाहत असतो. रानात गोळी, मग खड्डा, मग माती. आपण तासभर मनातून म्हणत आलेलो असतो की या रिचर्डला कुणीतरी धडा शिकवायला पाहिजे. दिग्दर्शक म्हणतो, बरं, घ्या, पण सगळं पाहावं लागेल. खड्डा किती खणावा लागतो तेही. मला तिथे स्वतःची लाज वाटली, कारण मला ते हवं होतं.

एक गोष्ट मात्र मला या चित्रपटाची खटकते, आणि ती तुला सांगायलाच हवी, नाहीतर म्हणशील ताई नुसतं कौतुक करते. नताली. मरिसा टोमेने ती इतकी जिवंत केली आहे, पण अर्ध्यानंतर चित्रपट तिला जवळजवळ विसरतो. ती रूथची माफी मागायला शाळेत येते आणि रूथ तिच्या थोबाडीत मारते, त्यानंतर ती बाजूलाच पडते. ज्या पोराला मॅटने सापळा दाखवला होता, त्याचाच बाप तो रानात पुरतो. याचा हिशेब चित्रपटात कुठे नाही. 'सारांश' आठव. १९८४चा, महेश भट्टचा. तिथेही म्हातारं जोडपं, मुंबईतले मराठी प्रधान, आणि मुलगा न्यूयॉर्कला गुंडांच्या हातून गेलेला. अनुपम खेर तेव्हा तिशीचासुद्धा नव्हता. तिथे ते दोघं घरातल्या भाडेकरू पोरीच्या, तिच्या पोटातल्या बाळाच्या पाठीशी उभे राहतात आणि त्यातून जगायचं निमित्त मिळतं. रोहिणी हट्टंगडींची ती पार्वती तर मुलगाच परत येतोय असं धरून बसते. पण तिथे मारणारा लांब होता, त्याला चेहरा नव्हता. मॅट आणि रूथच्या मुलाचा मारेकरी दुकानात समोर उभा राहतो. हा फरक लहान नाही. म्हणून नतालीबद्दलची माझी तक्रार कायम ठेवूनही मला वाटतं, की त्या घरातल्या दुःखाला ती पोरं दिसतच नव्हती, आणि चित्रपट त्या दुःखाच्या डोळ्यांनीच बघतो.

आता शेवट. तू विचारलंस पुढे काय.

मॅट पहाटे घरी येतो. रूथ अंथरुणात जागी आहे, सिगारेट ओढते आहे. ती विचारते, झालं का? तो पडून राहतो. त्याला तो फोटो डोळ्यांसमोरून हलत नाही. नताली त्यात कशी हसत होती, एवढंच तो बोलतो. रूथला त्याचं काय करावं कळत नाही. ती खाली जाते. तो बोटावरची पट्टी काढून बोटाकडे बघत राहतो. खालून तिचा आवाज येतो, कॉफी हवी का म्हणून. तो उत्तर देत नाही. मग गावाची घरं, सकाळ, आणि संपतं.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथे पिक्चर थांबवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. का, ते आता लिहिते. इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

दादाला उडवणारा टेम्पोवाला प्यायलेला होता हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कोर्टात ते टिकलं नाही. निष्काळजीपणाचं कलम लागलं, तीनशे चार अ, त्याला तेव्हा जास्तीत जास्त दोन वर्षं. जामीन लगेच झाला. तारखा पडत राहिल्या. आप्पा प्रत्येक तारखेला खाकी कापडी पिशवीत कागद घेऊन जायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचे. तो माणूस मात्र शाळेच्या वाटेवरच्या पानपट्टीवर बसलेला असायचा. आप्पांना रोज त्याच्यासमोरून जावं लागे. घरात आई आणि आप्पा बोलत नव्हते. भांडण नव्हतं, नुसतं बोलत नव्हते. ताट वाढलं जायचं, ताट उचललं जायचं. दादाची सायकल पडवीत होती, ती कुणी हलवली नाही.

श्रावणातली एक रात्र. पाऊस लागला होता. भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. कित्येक आठवड्यांनी ती आप्पांशी बोलत होती. म्हणाली, "आज बाजारात दिसला. कुणाशी तरी हसत होता." बस, एवढंच वाक्य. आप्पा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने मागचं दार वाजलं. मी उठून पाहिलं, तर दारामागच्या खिळ्यावर नारळ सोलायचा कोयता नव्हता.

मी सतरा वर्षांची होते. ओरडले नाही, कुणाला उठवलं नाही. आई चुलीसमोर पाटावर बसली होती, मीही दाराशी बसले. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, आणि दोघींना माहीत होतं की दुसरीला माहीत आहे. मला तेव्हा काय वाटत होतं ते मी तुला खरं सांगते. मला वाटत होतं, आप्पांनी ते करावं.

पहाटे ते आले. चिंब भिजलेले. कोयता त्यांनी परत खिळ्याला लावला. तो धुतलेला नव्हता, आणि धुण्यासारखं त्यावर काही नव्हतंही. रात्रभर ते कुठे उभे होते, त्याच्या घरासमोर, खाडीवर, की कुठे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पडवीत दादाच्या सायकलीशेजारी भिंतीला टेकून बसले. आतून आईने विचारलं, "चहा टाकू?"

आप्पांनी उत्तर दिलं नाही. आईने चहा टाकला. तीन कप केले, एक माझ्या हातात दिला, एक त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांच्याजवळ पायरीवर बसली. उजाडेपर्यंत दोघं तिथेच बसली होती. त्या दिवसापासून ती पुन्हा बोलायला लागली. आधी मीठ-मिरचीचं, मग हळूहळू बाकीचं.

तू आप्पांना नेहमी विचारायचास, शाळेत जायला एवढा लांबचा, शेतातला रस्ता का घेता? पावसाळ्यात त्यांच्या चपला चिखलाने भरलेल्या असायच्या आणि तू हसायचास. निवृत्त होईपर्यंत ते त्याच रस्त्याने गेले. खटल्याचं पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे, तो माणूस सुटला.

म्हणून तो शेवट मला कळला, बाळू. रूथने कॉफीचं विचारलं तेव्हा मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मॅटने ते केलं आणि आप्पांनी केलं नाही, एवढाच फरक, आणि तो केवढा मोठा आहे ते मला त्या चित्रपटाने सांगितलं. मॅट वर एकटा पडून आहे आणि रूथ खाली एकटी आहे. आपल्याकडे दोघं पडवीत बसली होती.

गणपतीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढून ये. कागदांची ती खाकी पिशवी माझ्या कपाटात आहे, ती तुझ्या हातात द्यायची आहे. आणि पिक्चर पुन्हा लावू, या वेळी मी शेजारी बसेन. पहिल्या पाऊण तासात उठू नकोस.

तुझी,
ताई